भारतीय आणि इतर

बाबा, बिशान भागातला माझा फ्लॅट अखेर विकला गेला, आणि तो कोणी घेतला हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुमच्याहून वयाने मोठी आहे. तेव्हा थोड्या चढ्या आवाजात बोलले तर ऐकून घ्या.

आपल्या घरात एक नियम होता आणि तो तुम्ही मला एकदाच, पण कायमचा शिकवलात. मी तिसरीत होते. कारखान्याच्या वसाहतीत आपल्या शेजारच्या क्वार्टरमध्ये सोव्हिएत इंजिनियरची बायको राहायला आली. मी तिच्या दारात उभी राहून कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी घोटून घेतलेल्या इंग्रजीत विचारलं, तुम्ही रशियन ना? तुम्ही मला दंडाला धरून स्वयंपाकघरात आणलंत. आई पोळ्या लाटत होती, तिचं लाटणं थांबलं. "माणसाला तू कोण असं विचारायचं नाही," तुम्ही म्हणालात. "काय काम करता विचार, जेवलात का विचार. कोण, हे विचारायचं नाही." तुमचा आवाज इतका खाली गेला होता की ओरडला असतात तर बरं, असं मला वाटलं. कारण मला ठाऊक होतं. वसाहतीतल्या बायका आईला आपलं आडनाव विचारायच्या, मग "म्हणजे कोण?" विचारायच्या, आणि आई "बौद्ध" म्हणाली की दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या मुलींना आमच्याकडे खेळायला वेळ नसायचा.

त्या नियमाला तुम्ही एक शहर जोडून दिलंत. प्रशिक्षणासाठी तुम्ही एक हिवाळा कझाक माळावरच्या पोलादाच्या शहरात काढलात आणि उरलेलं सगळं आयुष्य त्याच्या गोष्टी सांगितल्यात. भट्टीवर दहा जातीजमातींची माणसं, पण कँटीनमध्ये एकच रांग. पहिल्याच दिवशी वाढणाऱ्या बाईने तुमच्याकडे एक नजर टाकली, काही न विचारता सूपचा आणखी एक डाव वाटीत ओतला आणि "खा" अशी खूण केली. हे सांगताना तुम्ही दर वेळी थांबायचात. तिथून माझ्यासाठी राखाडी लोकरीची शाल आणलीत. आपल्या वसाहतीतल्या उन्हाळ्यात ती पाहूनच घाम फुटायचा. मी ती समुद्रापार इथवर आणली, आणि सांगू का, इथल्या मॉलमधल्या एसीत तिचा फार उपयोग होतो.

तर फ्लॅट. माझे गुडघे गेले. लेक टॅम्पिनीसला राहते. तिच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये मला छोटं घर मिळत होतं, पण त्याआधी हे विकायला हवं होतं, आणि ते घर घेण्याची मुदत संपत आली होती. इथे सरकारी इमारतींत कोणत्या वंशाची किती घरं असायची याची मर्यादा असते: चिनी, मलय, आणि अर्जावरच्या तिसऱ्या खणात भारतीय आणि इतर. आमच्या ब्लॉकमधला चिनी वाटा भरलेला. म्हणजे चिनी शेजारी चिनी माणसाला विकू शकतो, कारण त्याने आकडा वाढत नाही, पण मी विकू शकत नाही. एक चिनी जोडपं घर पाहून हरखून गेलं होतं. मुलांची खोली कोणती तेही त्यांनी ठरवलं. एजंट इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाला, "आंटी, कॅनॉट लाह." मी त्याला म्हटलं, बाबा रे, इंग्रजीत वाक्याला कर्ता लागतो. तो हसला, पण घर काही विकलं गेलं नाही. मलय आणि भारतीय मिळून दोनच कुटुंबं आली आणि दोघांनाही मेट्रोच्या अजून जवळ हवं होतं. मी चिडचिड करत होते. नात म्हणायची, "आज्जी, चिल लाह." कशी चिल होणार? लेकीने नोकरी सोडून माझ्याकडे येऊन राहायची भाषा सुरू केली होती, आणि ते मी होऊ देणार नव्हते.

खरं सांगायचं तर हा नियम तुम्हाला आवडला असता. आपल्या गावात आपली वस्ती वेशीबाहेर होती. इथे वेगळी वस्ती होऊच देत नाहीत. माझ्या एका बाजूला मलय म्हातारी, दुसऱ्या बाजूला चिनी निवृत्त मास्तर, आणि जिन्यात तिघांच्या चपला एकमेकींत मिसळलेल्या. पण त्यासाठी प्रत्येकाला तू कोण हे विचारावं लागतं आणि लिहून ठेवावं लागतं. तुमचा नियम आणि हा नियम एका घरात कसे नांदवायचे, ते तुम्ही शिकवलं नव्हतंत.

मग एजंटने एक जोडपं आणलं. नवरा इथला चिनी, बायको बाहेरून येऊन नागरिक झालेली. एजंट माझ्या कानाशी लागला, "बायको 'इतर'मध्ये येते, आंटी. मिश्र जोडप्याला दोघांपैकी कोणाचाही वंश घराला लावता येतो. होऊन जाईल." बाई पन्नाशीची, गालाची हाडं रुंद, डोळे निळसर. तिने कपाटं उघडून पाहिली नाहीत. थेट स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. खुर्चीवर पडलेली तुमची शाल तिने बोटांत धरली आणि विचारलं, "ही कुठली?" मी तुमच्या शहराचं नाव सांगितलं. ती वळली. "मी तिथे जन्मले," ती म्हणाली. "पण ही तिथली नाही. अशा शाली वाटेतल्या स्टेशनांवर बायका विकायच्या."

मी चहा टाकला. दूध उतू जाईल म्हणून मी पातेल्याकडे बघत होते, तेवढ्यात नवरा सहज म्हणाला, "तुझी बाजू लावू या, म्हणजे घर मिळेल." तिने हातातली शाल खुर्चीवर ठेवली. तिला हे कोणी सांगितलंच नव्हतं. "माझी कुठली बाजू?" ती म्हणाली. एजंट मोबाइलमध्ये शिरला. आणि बाबा, मी विचारलं. मुदत डोळ्यांपुढे होती, आणि मी तुमच्या लेकीच्या तोंडाने विचारलं, "पण तुम्ही नेमक्या कोण?"

तिने माझ्याकडेच बघून सांगितलं. आई जर्मन, वडील कोरियन. दोन्हीकडच्यांना सोव्हिएत सरकारने त्या माळावर आणून टाकलेलं, कारण ते जर्मन होते आणि ते कोरियन होते. आजीला दर महिन्याला कचेरीत जाऊन सही करावी लागे, की मी पळून गेलेले नाही. पुढे तो जाच संपला, पण ओळखपत्रावर वंशाची ओळ राहिली. कॉलेजचा प्रवेश असो की बढती, साहेबाचं बोट आधी त्या ओळीवर. देश मोडला तेव्हा ती शाळेत होती. आधी जर्मन मुलांची बाकं रिकामी झाली, मग रशियन मुलांची. "भट्टी पेटलेली, आणि आमच्या जिन्यात संध्याकाळी एकाच खिडकीत दिवा," ती म्हणाली. हळूहळू खेड्यांतून कझाक कुटुंबं आली, अंगणात त्यांची भाषा ऐकू येऊ लागली. "भूमी त्यांचीच, ते आले हे बरंच झालं," ती म्हणाली. "पण माझ्या वर्गातलं आता तिथे कोणी नाही. तिथून निघताना मी ठरवलं होतं, माझं घर पुन्हा त्या ओळीवर मिळणार नाही आणि त्या ओळीवर जाणार नाही."

मग तिने विचारलं, "तुमचे वडील आमच्या शहराबद्दल काय सांगायचे?"

"तिथे कोणी कोणाला तू कोण विचारत नाही, असं."

"ते पाहुणे होते," ती म्हणाली.

त्या दिवशी मला तुमचा इतका राग आला की तुमच्या फोटोपुढे दिवाही लावला नाही. तुम्हाला कोणी विचारलं नाही, एवढ्यावर तुम्ही भरून पावलात? त्या रांगेत तुमच्या पुढेमागे अशी माणसं उभी होती ज्यांना तोच प्रश्न आयुष्यभर विचारला गेला होता. ती सूप वाढणारी बाई कोण होती, बाबा? तीही महिन्याला सही करून आलेली असेल. तुम्ही तिच्या हाताकडे पाहिलंत, वाटीकडे पाहिलंत. तोंडाकडे पाहिलंत का?

चार दिवस उत्तर आलं नाही. लेकीने राजीनाम्याचा मसुदा मला फोनवर वाचून दाखवला. मी तिला नाही नाही ते बोलले. पाचव्या दिवशी एजंटचा मेसेज आला, बाई तयार आहे. कागदांवर सह्या करताना ती माझ्या शेजारी बसली होती. त्या खणावर बोट ठेवून ती म्हणाली, "माझी आजी इथे तुमच्यात मोजली गेली असती. भारतीय आणि इतर. तिला हसू आलं असतं." मग तिने सही केली. खिडकी आवडली म्हणाली, बाकी काही नाही. दुधाचं पातेलं ठेवून जाल का, एवढं विचारलं. मी ठेवून आले.

आता टॅम्पिनीसच्या या घरात बसून एक गोष्ट सांगते आणि थांबते. तिने मला सगळं सांगितलं, बाबा, पण माझं आडनाव विचारलं नाही. तुम्ही कुठले, तुमच्यात काय काय असतं, भारतीय असून घरात बुद्ध कसा, काहीच नाही. माझ्या प्रश्नामुळे तिला आपली आजी त्या टेबलावर मांडावी लागली, आणि मला कोणी काही विचारलं नाही. त्या दिवशी चहा पिताना मला तुमच्यासारखंच फार बरं वाटत होतं. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही.