मागच्या सीटवरचा ताप

तीर्थरूप मामा,

नमस्कार. वाकून करायला हवा, पण आज दिवसभर इतक्यांदा वाकले आहे की कमरेने साफ नकार दिलाय. तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी सांगितलेले व्यायाम खरंच करता, की त्या समोर आल्या की पाय हलवता? (पत्र मामी वाचत असतील तर हे वाक्य माझं नाही.) मी मजेत.

मागच्या खेपेला तुम्ही म्हणालात, विजेच्या गाडीत बिघडण्यासारखं असतंच काय? ना तेल, ना धूर. तर ऐका. विजेची झाली तरी मोटर तापतेच, आणि तिला गार ठेवायला तिच्याभोवती कूलंट फिरतं, अगदी तुमच्या ट्रकच्या रेडिएटरसारखं. ते किती तापलंय हे गाडीच्या मेंदूला, म्हणजे कंट्रोलरला, कळवायला बोटभर लांबीचा एक सेन्सर असतो. या बोटभर वस्तूने मला तीन आठवडे नाचवलं.

गाडी एका दंतवैद्य बाईंची. तक्रार अशी, की चालता चालता 'मोटर अति तापली' म्हणून लाल दिवा लागतो आणि गाडी रांगायला लागते. बाईंचे सासरे अग्निशमन दलातले निवृत्त अधिकारी. सगळे त्यांना साहेब म्हणतात. घरचं मांजरसुद्धा त्यांच्यासमोर नीट बसतं म्हणे. दिवा लागला की साहेब मागच्या सीटवरून हुकूम सोडायचे, "सगळे खाली! पन्नास पावलं लांब!" मग साहेबांसकट अख्खं कुटुंब रस्त्याकडेला रांगेत उभं. दोन मिनिटांत दिवा आपोआप विझायचा. अशा रीतीने साहेबांनी सात वेळा सगळ्यांचे प्राण वाचवले होते. बाई मात्र रडकुंडीला आलेल्या, कारण तिकडे दवाखान्यात पेशंट आ वासून बसलेला आणि डॉक्टर इकडे पन्नास पावलांवर.

मी काय केलं? सेन्सर बदलला. (हसू नका. कोणीही तेच केलं असतं.) त्या भानगडीत निम्मं कूलंट माझ्या बाहीत गेलं. एकटीने गाडी फिरवून आणली, दिवा नाही. ऐटीत परत दिली. तिसऱ्या दिवशी गाडी पुन्हा दारात. पंप तपासला, पंखा तपासला, कूलंट पुन्हा भरून हवा काढली. माझ्या हातात गाडी गरीब गाय. बाईंच्या घरी गेली की पुन्हा तेच. शेवटी आमचे मालक म्हणाले, शुक्रवारपर्यंत सापडलं नाही तर अख्खी मोटर उतरवायची, आणि इथून पुढे असली कामं तुझ्याकडे नकोत.

तिकडे घरात निराळंच शिजत होतं. साहेब गाडीत नसले की दिवा लागत नाही, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. आधी थट्टा झाली, मग कुजबुज, मग 'तुम्ही आज घरीच थांबा ना बाबा' सुरू झालं. साहेब नुसते सगळीकडे चालत जायला लागले. गुरुवारी दुपारी तसेच चालत, घामाघूम होऊन वर्कशॉपमध्ये आले.

"मुली, मी बसतो गाडीत. काय ते एकदा ठरू दे."

त्यांना मागे बसवून निघाले. पहिल्याच गतिरोधकावर दिवा! पडद्यावर एकशे तीस अंश. "खाली उतर!" साहेब गरजले. मी उतरले, पण पळायच्या ऐवजी लांबून ताप मोजायचं यंत्र मोटरच्या नळीवर रोखलं. चौतीस अंश. साहेबांनी दोनदा वाचलं.

"म्हणजे आग नाही?"

"आग नाही साहेब. अफवा आहे."

वर्कशॉपमध्ये आल्यावर गाडी खालून तपासायच्या खड्ड्यावर घेतली आणि खाली उतरून सेन्सरचा प्लगच काढला. प्लग काढला की कंट्रोलरला वाटायला हवं की कूलंटचा बर्फ झालाय, उणे चाळीस. साहेब वर बसलेले, आणि पडद्यावर तरीही एकशे तीस! म्हणजे सेन्सर निर्दोष, खोटं बोलत होती ती तार. मग सुरू झालं: साहेब, उठा. साहेब, बसा. ते बसले की गाडीचं मागचं अंग दबायचं आणि तार एका लोखंडी पट्टीला टेकायची. तिथे तिची साल घासून गेली होती. तार बॉडीला टेकली की कंट्रोलरला वाटतं, कूलंट उकळलं. सगळे उतरले की गाडी वर यायची, तार सुटायची, दिवा विझायचा. साहेबांनी चौदा वेळा उठबस केली, एका शब्दाने कुरकुरले नाहीत.

तार नवी घातली, पट्टीपासून दूर बांधली. आता हे त्यांना सांगायचं कसं? मी मनात गुळगुळीत वाक्य जुळवत होते, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "म्हणजे माझ्या वजनाने होत होतं?"

"हो. आणि तुम्ही बसलात म्हणूनच सापडलं."

त्यांनी ती घासलेली तार उचलून खिशात घातली. मग घरी फोन लावून म्हणाले, "सूनबाई, तुझी गाडी निर्दोष आहे. मीसुद्धा." आणि स्वतःच दार उघडून मागच्या सीटवर जाऊन बसले, घरी सोड म्हणून. मामा, मी उगाचच लांबच्या रस्त्याने नेलं त्यांना.

तुमची,
भाची

ता. क. १ : खड्ड्यावर गाडी घेतली ती काही माझ्या अकलेने नव्हे. लिफ्टवर दुसरी गाडी होती, म्हणून. लिफ्टवर चाकं लोंबकळतात आणि ती तार पट्टीपासून लांब जाते, हे मला नंतर कळलं. मालकांना सांगू नका.

ता. क. २ : पत्राचं खरं कारण. मी ऑफिसात बसून फोन घेते असं आईला वाटतं. मालकांनी खूश होऊन माझा खड्ड्यातला फोटो भला मोठा करून मुख्य रस्त्यावर लावलाय, नेमका तिच्या वाचनालयाच्या वाटेवर. तुम्ही तिचे थोरले भाऊ. तिला आधी गाठा, पाणी प्यायला द्या आणि हळूच सांगा.

ता. क. ३ : पाकीट चिकटवता चिकटवता आईचा फोन आला. फोटो तिने मंगळवारीच पाहिलाय. रागावली नाही, उलट घरचा मिक्सर फार तापतो, बघशील का म्हणाली. तेव्हा ता. क. २ खोडून वाचा. फक्त, तारांशी खेळायला लहानपणी तुला कोणी शिकवलं असं तिने विचारलं, आणि माझ्या तोंडून तुमचं नाव निघून गेलं. ती पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने तुमच्याकडे यायला निघतेय. जमलं तर कुठेतरी बाहेर जा.