बचत कोणाच्या ताटातून

आई, तू असतीस तर आधी हसली असतीस. तुझी मुलगी इथे जयपुरात बसून मोबाईलवर एक ग्रुप चालवते, आणि ग्रुप कशाचा, तर काटकसरीचा. ठिकठिकाणच्या बायका, थोडे पुरुषही, कमी खर्चात घर कसं चालवावं यावर तिथे बोलतात. बोलणं बहुतेक हिंदीत. कोणी काही विचारलं की ते योग्य विषयाखाली लावायचं, हे माझं काम. स्वयंपाक, कपडे, वीज-पाणी, दुरुस्ती. नाहीतर मिक्सरच्या प्रश्नाखाली लोणच्याची उत्तरं येतात. तुला हा रिकामटेकड्यांचा उद्योग वाटला असता. तू काटकसर केलीस, तिची चर्चा कधी केली नाहीस.

मागच्या आठवड्यात इथल्याच झालाना भागातल्या एका ऑफिसात काम करणाऱ्या मुलीने लिहिलं की घरी रोट्या उरतात आणि शिळ्या रोज मम्मीच खाते, काय करावं. मी घाईघाईत ते 'बचा हुआ खाना' या विषयाखाली लावून मोकळी झाले. मग काय, जो तो रेसिपी सांगायला धावला. चुरमा झाला, फोडणीची पोळी झाली, एकीने तर लाडवांचा फोटोच टाकला. संध्याकाळी त्या मुलीने पुन्हा लिहिलं, "रेसिपी नहीं चाहिए. हम सबको गरम मिलती है, मम्मी रोज़ बासी लेकर बैठती हैं. पूछो तो कहती हैं, मुझे यही पसंद है. उन्हें कैसे रोकूँ?"

वाचलं आणि आपलं रेल्वे क्वार्टरचं स्वयंपाकघर समोर आलं. बाबांची बदली होऊन आपण अकोल्याहून नुकतेच इकडे आलो होतो. तू आम्हाला तव्यावरची भाकर वाढते आहेस आणि स्वतः कालची कुस्करून, वर तेल-तिखट घालून बसली आहेस. मी तुझ्या ताटातला घास उचलायला जाते तर हातावर चापट बसते. "तू गरम खाय. मले शिळीच गोड लागते." बाबा मान खाली घालून जेवत राहतात. आम्ही सगळ्यांनी ते खरं मानलं, कारण तसं मानणं सोयीचं होतं.

पण थंडीतली एक संध्याकाळ मला आठवते. शेजारच्या राजस्थानी काकूंकडे आपण दोघी बसायला गेलो होतो. त्यांनी सिगडीवर बाजरीची रोटी भाजली, वर तूप सोडलं, बाजूला गुळाचा खडा ठेवला. "बहनजी, एक और लो, गरम-गरम है." तू नको म्हणशील म्हणून मी तुझ्याकडे बघते आहे, आणि तू ताट पुढे करतेस. मग पुन्हा करतेस. बोटं भाजतात तरी थांबत नाहीस. घरी येताना तू भराभर पुढे चालत राहिलीस. मला वाटलं, तुला कसला तरी राग आला. तुला गरम भाकर किती आवडायची हे कळायला मला स्वतःचा संसार करावा लागला. आजही मला याचा राग येतो, आई. तुझा येतो आणि आमचाही.

म्हणून मी नवा विषय उघडायचं ठरवलं. ग्रुप सांभाळायला माझ्याबरोबर जयपूरजवळच्या सांगानेरचे एक निवृत्त गृहस्थ आहेत, त्यांना ते पटेना. "दीदी, ये घर का झगड़ा है, बचत का टॉपिक नहीं. खोल दिया तो ग्रुप बिखर जाएगा." त्यांचं अगदीच चूक नव्हतं. मागे सासूवरून वाद पेटला तेव्हा कितीतरी जणी निघून गेल्या होत्या, आणि हा ग्रुप आम्ही एकेक माणूस जोडून उभा केला आहे. मी म्हटलं, "भाईसाहब, जो बचत रोज़ एक ही थाली से कटती है, उसे कपड़ों में डालूँ या दुरुस्ती में?" "आपकी मर्ज़ी," ते म्हणाले. मी विषय उघडला, 'बचत किसकी थाली से'. त्याखाली तुझं नाव न घेता तुझी गोष्ट लिहिली, चापटीसकट. शेवटी विचारलं, तुमच्या घरी ही बचत कोणाच्या वाट्याला येते?

सकाळी पहिलं उत्तर आलं ते तुझ्या नातीचं, माझ्याच लेकीचं. इतक्या नावांत ती ग्रुपमध्ये आहे हे मला माहीतही नव्हतं. तिने लिहिलं होतं, "हमारे घर में मम्मी. कूलर तभी चलता है जब पापा या मैं घर पर हों. एक दिन मैं दोपहर में जल्दी आ गई तो मम्मी गीला तौलिया गले पर डालकर बैठी थीं. पूछा तो बोलीं, मला कूलरचं वारं सोसत नाही." तिचं मराठी अडखळतं, पण ते वाक्य तिने जसंच्या तसं उतरवलं होतं.

ग्रुपमधलं कोणाचंही लिहिलेलं काढून टाकायचं बटण माझ्याकडे आहे. बोट त्यावर गेलंही होतं. मी ते दाबलं नाही, पण तिला उत्तरही दिलेलं नाही. ती पलीकडच्या खोलीत ऑफिसचं काम करते आहे, आणि मी उठून तिच्याकडे जायचं सोडून तुला लिहीत बसले आहे, जे पाठवायची काही सोयच नाही. तिला सांगायला जमत नाही, निदान तुला सांगते. कूलरचं वारं मला छान सोसतं, आई.