नाव कुणी वळवली

प्रिय बजरंग,

पत्र पाहून तू म्हणशील, ह्या मुंजाला फोन करायला काय झालं होतं. दहावीला मराठीत गटांगळी खाल्लेला माणूस दोन पानं लिहितोय, म्हणजे काहीतरी बिनसलंय. बिनसलंयच. तुझी सायली आता नववीत ना? तिच्याकडून वाचून घे, माझं अक्षर तुला लागायचं नाही.

मी अजून गोव्यातच आहे, नदीतल्या मालवाहू बार्जवर. आजवर खलाशी होतो, आता सुकाणू धरायची परीक्षा देतोय. गेवराईकडचा माणूस एवढ्या पाण्यात राहून मासे खात नाही, म्हणून पोरं हसतात. परवा वहिनी फोनवर भेटल्या. म्हणाल्या, यंदाही ऊसतोडीला निघालोय, आणि हे विसर्जनालासुद्धा नदीकडे फिरकत नाहीत. विचारलं तर एवढंच म्हणतात, 'माझा हात चुकला, माय गेली.' सहा वर्षांपूर्वी तू असं म्हणत नव्हतास. पारावर सगळ्यांसमोर ओरडून सांगत होतास, 'म्या न्हाई वळवली बे, नाव आपसूक वढली गेली.' आणि सगळे माझ्याकडे बघत होते, कारण वाळूच्या बोटीवर मी होतो.

मागच्या आठवड्यात त्या परीक्षेच्या वर्गात मास्तरांनी एका लांबट, अरुंद हौदात वीतभर पाणी घेतलं. त्यात छोटी लाकडी होडी सोडली आणि तिच्या मागून एक मोठं लाकडी जहाज दोरीनं ओढत आणलं. जहाजाचं नाक जवळ आलं तशी होडी जरा बाजूला सरली. मग ते शेजारून जायला लागलं, तसं होडीनं तोंड फिरवलं आणि थेट त्याच्या अंगावर जाऊन आदळली. कुणी हात लावला नव्हता. मास्तर म्हणाले, दोघांच्या मधलं पाणी जोरानं पळतं, तिथला दाब कमी होतो आणि बाहेरचं पाणी होडीला आत लोटतं. वाट चिंचोळी आणि पाणी उथळ असलं की आणखीच. वेग मोठ्या बोटीनं कमी करायचा, लांबूनही तिनंच जायचं. छोट्या नावेच्या वल्ह्यात तेवढी ताकदच नसते. बाकीचे वहीत उतरवून घेत होते. मी बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं.

त्या दिवशी नदी आटलेली, वाळूच्या दोन दांड्यांमधून एकच वाट उरली होती. तू मायला पलीकडच्या बाजारातून घेऊन नाव वल्हवत पुढं चालला होतास. मी वाळूनं भरलेली बोट घेऊन मागून आलो. थांबलो असतो तर चार मिनिटं गेली असती. पण तुला चिडवायची लहर आली. इंजिनाला पूर्ण रेस दिली आणि हातभर अंतरावरून पुढं काढायला गेलो. तुझी नाव माझ्यावर आदळली, उलटली, आणि माय वर आलीच नाही.

पारावर मी म्हणालो, बजरंगनंच नाव माझ्या अंगावर घातली. डोळ्यांना दिसलं तेच सांगितलं, अशी स्वतःची समजूत काढत सहा वर्षं घालवली. रेस दिली ते गिळलं. पाण्याची गोष्ट मला आत्ता कळली, पण माझी चूक मला त्याच दिवशी माहीत होती. तुझी नाव हलायला लागली तेव्हा तुझ्या मायनं, साखराबाईनं, जिनं तुला नि मला एका ताटात जेवू घातलं तिनं, हाक मारली होती, 'मुंजा, हळू घे रं बाबा.' ती मी ऐकली होती, बजरंग. ऐकून हसलो होतो.

फोन केला असता तर हे तू एकट्यानं ऐकलं असतंस आणि पोटात ठेवलं असतंस. तुझा स्वभावच तसा. म्हणून पत्र. तुम्ही तोडीला निघायच्या आत, येत्या शनिवारी मी येतोय. आधी गेवराईच्या ठाण्यात जाऊन खरा जबाब देणार. संध्याकाळी मारुतीच्या पारावर माणसं जमतात. सायली, पोरी, तिथं बाबांना शेजारी बसव आणि हे सगळं मोठ्यानं वाच. मी समोर उभा असेन. शेवटचं वाक्य दोनदा वाच, बाबांकडे बघून: बजरंगचा हात चुकला नव्हता.

तुझाच म्हणायचा हक्क उरलाय की नाही, ते तू ठरव,
मुंजा