रिकामी खोकी

३ फेब्रुवारी
'पुंडलिकनगरच्या गाडीवाल्यांनो, पूर्ण किंमत मोजून आपण सगळ्यांनी फसवणूक विकत घेतली आहे.' रविवारच्या कॉलनीच्या सभेत माझ्या भाषणाची सुरुवात हीच. अध्यक्षांचे आभार वगैरे नंतर.
बायकोचा, सु.चा, हात अजून प्लास्टरमध्ये. वेरूळहून परतताना घाटाचा उतार, ब्रेक दाबला, नुसती चरचर, गाडी थांबेना. कठडा होता म्हणून...

४ फेब्रुवारी
गेल्या आठवड्यात जालना रोडवरच्या दुसऱ्या गॅरेजात चाक उघडलं होतं. ब्रेक पॅडचा थरच सुटून आलेला. मी म्हणालो, ओरिजनल आहेत, कंपनीचं खोकं डोळ्यांनी पाहिलंय. मिस्त्री म्हणाला, "खोकं ओरिजनल असंल सर. माल नाय."
दिवाळीत बबननं बसवले होते. आमच्याच गल्लीतलं गॅरेज. काम झालं की तो दरवेळी म्हणायचा, खोकं राहू द्या इथंच, गाडीत उगं कचरा कशाला. आणि आम्ही सगळे राहू द्यायचो, वर त्याचे आभार मानायचो. त्याच खोक्यांत नकली माल भरून परत आमच्याच गळ्यात.

६ फेब्रुवारी
बबनला गाठलं. नाकारलं नाही. "लोकांना खोकं कंपनीचं पायजे अन् बिल लोकलचं. मी काय करू?" मी तर कंपनीचं बिल भरलं होतं. त्यावर त्यानं चहा मागवला. तसाच ठेवून उठलो. मागून हळूच म्हणाला, "सर, सभेत नाव नका घेऊ. गॅरेज बसंल."
बसू दे. बसलेलंच पाहायचं आहे मला.

८ फेब्रुवारी
सु.ला भाषण वाचून दाखवलं. 'कंपनीचाच पार्ट घ्या, बाकी सगळं विष' इथं तिनं अडवलं. आपले वायपर, आरसा बाहेरच्या कंपनीचे, इतकी वर्षं चालले, ते काय मग? खरं आहे. बाहेरचा चांगला माल त्याच्याच नावानं, त्याच्याच किमतीत मिळाला तर माझं भांडण नाही. ब्रेकला मी कंपनीचेच घालीन, दुसऱ्यानं आपलं पाहावं. पण निवड माझी होती, ती बबननं चोरली. हे वाक्य ठेवायचं.
नावाबद्दल म्हणाली, "घ्या की खुशाल. पण माझा हात दाखवून टाळ्या घेऊ नका. माझा आहे तो."
भाषणाचा कळस तोच होता.

९ फेब्रुवारी, रविवार सकाळी
हाताचा परिच्छेद काढला. भाषण लंगडं झालं. राग तेवढाच आहे. बबनचं नाव लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. तो सभेला येतोय म्हणे, पुढच्या रांगेत बसणार. माझी जीभ अडेल असं वाटतं त्याला. येऊ दे. समोर दिसल्यावर काय होईल ते...
शेवट मात्र पक्का: 'उद्यापासून गॅरेज कुणाचंही असो, पार्ट बसला की रिकामं खोकं हातात घ्या आणि मिस्त्रीच्या डोळ्यांदेखत फाडा.'