गार्गीसाठी मॅडम शोधताना

सोमवार, १० जून
गार्गीला थेरपी सेंटरला नेणं बंद केलं. आठ महिने जात होतो. पालक बाहेर, दार बंद, असा तिथला नियम. आज पाण्याची बाटली द्यायची राहिली म्हणून दार ढकललं. पोरगी खुर्चीला ओढणीनं बांधलेली. सर मोबाईल बघत. गाठ सोडली, तिला उचललं, रिक्षा करून बावड्याला घरी.

मंगळवार, ११ जून
सचिन तिथं जाऊन भांडून आला. सर म्हणाले म्हणे, "तुमची मुलगी एका जागी बसत नाही, शिकवायचं कसं?" पाच वर्षांची आहे, बोलत नाही, बसत नाही, म्हणून तर नेत होतो.
जाताना रोज रडायची. सवय होईल, असं मीच म्हणायचे.

गुरुवार, २० जून
सासूबाई मुरगूडहून आल्या. "बोलंल की गं. सचिन तरी कुठं लवकर बोलला हुता?" थोड्या वेळानं स्वतःच, "पर त्यो हाक मारली की बघायचा. ही बघत न्हाय." मग दोघी मेथी निवडत बसलो.

शनिवार, २९ जून
दोन ठिकाणं झाली. एका ठिकाणी दिवाळीनंतर फोन करा. दुसरीकडच्या मॅडम हुशार. नजरेला नजर द्यायला शिकवू म्हणाल्या. बोलताना स्वतः गार्गीकडं एकदाही बघितलं नाही.

सोमवार, ८ जुलै
मंगळवार पेठ, शमा मॅडम. जिन्यावरची छोटी खोली. मी आधीच सांगितलं, "मी आतच बसणार."
"मग बाहेर कशाला? आतच बसा की."
गार्गी पंख्याच्या बटणाशी. मॅडम शेजारी फरशीवर. हाक नाही, काही नाही. ती बटण दाबेल तसं नुसतं "चालू", "बंद". पाऊण तास तेवढंच. यासाठी आलो का, असं झालं. शेवटी गार्गीनं बटणावर बोट ठेवलं आणि थांबली. वळून मॅडमकडं बघितलं.
जिना उतरायच्या आधीच पुढची वेळ ठरवून घेतली.

शनिवार, ३ ऑगस्ट
मॅडमना खुर्चीचं सांगितलं. घराबाहेर पहिल्यांदाच. तुमची काय चूक, असलं काही म्हणाल्या नाहीत. "रडली की लगेच गप्प करू नका. कशाला रडते ते आधी बघा," एवढंच.

शुक्रवार, २३ ऑगस्ट
पंखा बंद करताना गार्गी "बं" म्हणाली. स्पष्ट. सचिनला फोन केला, दुकान टाकून आला. अर्धा तास पंख्याखाली उभा. परत काही म्हणाली नाही.

गुरुवार, १२ सप्टेंबर
शमा मॅडमच्या मिस्टरांची नाशिकला बदली. महिनाअखेर जाणार. मला राग आला, तसं बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "माझ्या जागी नवीन मुलगी येतेय. चांगली आहे. पण मी सांगते म्हणून नको, तुम्ही बघून ठरवा."

शनिवार, २८ सप्टेंबर
नवीन मॅडम, प्रतीक्षा. चोवीस-पंचवीसची असेल. खुर्चीवर बसूनच तीनदा हाक मारली, "गार्गी, इकडं बघ." गार्गी खिडकीशी. मी पर्स उचलली होती. तेवढ्यात ती मला म्हणाली, "ताई, माझं चुकतंय बहुतेक. हिला काय काय आवडतं?"
इतक्या जणांत हे पहिल्याच दिवशी कुणी विचारलं नव्हतं. पर्स खाली ठेवली. फिरतं सायकलचं चाक, गिरणीचा आवाज, ओली वाळू, आजीच्या बांगड्या... सांगत सुटले.
बुधवारी परत बोलावलंय. ठरवलेलं काही नाही. जाऊन बघते.