पन्नास बटणं आणि एक रुमाल

१ फेब्रुवारी, रविवार

सगळ्यात आधी टपकली ती चष्मेवाली. तीनला म्हणजे तीनला! माझी वेणी अर्धी, सूनबाईचा केर अर्धा. मग उंचाडी आली, दारातून वाकून. आमचं दार काही एवढं बुटकं नाही, पण सवय लागलीय पोरीला. आणि जिच्या या मैत्रिणी, ती माझी नात अजून आंघोळीला!

तिघी अकरावीत. त्यांच्या बाईंनी यंदा पुस्तकातलं काही दिलंच नाही म्हणे. प्रश्न आपला आपण शोधायचा, उत्तर स्वतः तपासून काढायचं. नातीने शोधून शोधून कोणाला शोधलं, तर मला! एकतीस वर्षं बटणांच्या कारखान्यात निवडीला होते ना मी. खराब बटण चांगल्यातून वेगळं काढायचं, एवढंच काम. तर मुरलेलं माणूस ते डोळ्यांनी ओळखतं की बोटांनी? हा त्यांचा प्रश्न. अंदाज आधीच वहीत लिहून ठेवलेला — डोळ्यांनी. मलाही तेच वाटत आलंय. मुकादम रोज ओरडायचा, "डोळ्यांत तेल घालून बघा गं!"

पन्नास बटणं, त्यात दहा खराब. उघड्या डोळ्यांनी मी नऊ काढली. मग डोळ्यांवर रुमाल बांधला. तेव्हा चारच. नात टाळ्या पिटत उठली, "आला! अंदाज बरोबर आला!"

किती वर्षांनी बटणं हाताला लागली! ते लांब टेबल, आम्ही बारा जणी, ताटात बटणं ओतली की होणारा तो सर्रर्र आवाज. आणि गप्पा? बटणांना कान असते तर गावभर बोंब झाली असती. मुकादमाच्या लग्नाची बोलणी आम्हाला त्याच्या आईच्या आधी माहीत! जाऊ दे, भलतीकडेच गेले.

२ फेब्रुवारी, सोमवार

काल एक गोष्ट लिहिली नाही. आजही हात धजत नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

नातीचं आणि चष्मेवालीचं वाजलं! फोनवर, मोठमोठ्याने. चष्मेवालीचं म्हणणं, रुमाल बांधल्यावर आजींनी काही बटणं बाजूला घेतली आणि परत चांगल्यात सरकवली. सहा. तिने मोजली.

"माझी आजी खोटं करेल?"

"खोटं केलं असं कुठे म्हटलं मी? जे बघितलं ते सांगितलं."

"तुला कोणाचं बरं बघवतच नाही!"

आता अबोला. सोमवारी बाईंना प्रयोगाचे कागद द्यायचेत, आणि उंचाडी बिचारी इकडून तिकडे निरोप नेतेय.

खरं सांगू? सहाच. पोर मोजण्यात पक्की!

रुमाल बांधला आणि मीच चकित झाले. बोटांना सगळं कळत होतं. भोक जरा सरकलेलं, काठ पातळ, केसाएवढी चीर. दहाच्या दहा हाताला लागली. पण वहीतला अंदाज मी वाचला होता ना! म्हटलं, माझ्यापायी पोरीचं उत्तर चुकायला नको. सहा गुपचूप परत ढकलली.

माझी शाळा चौथीपर्यंत. उत्तर चुकलं की तळहातावर छडी. एकदा मी विचारलं, "गुरुजी, आपण चाललो की चंद्र पण का चालतो?" तर गुरुजी म्हणाले, "पुस्तकात आहे का ते?" आणि बाकावर उभं केलं. तरी मला शाळा आवडायची. ओल्या पाटीचा वास अजून आठवतो. पण प्रश्न परत विचारला नाही कधी.

आणि आता माझ्या शब्दाखातर ही पोर मैत्रीण तोडून बसलीय.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सांगून टाकलं. नात जेवत होती. घास हातातच राहिला.

"आजी! अगं अंदाज चुकला तर मार्क जात नाहीत! खोटं केलं तर जातात!"

"मला काय ठाऊक? आमच्या वेळी मार्क पण जायचे, कातडी पण."

आधी हसली. मग रडली. मग फोन लावला. "तू बरोबर होतीस. मी मूर्ख." पलीकडून काय आलं कोण जाणे, पण त्यापुढे पाऊण तास नुसतं खिदळणं! सूनबाई म्हणते, "आई, लोक पास व्हायला कॉपी करतात. तुम्ही नापास व्हायला केलीत!"

७ फेब्रुवारी, शनिवार

पुन्हा सगळं पहिल्यापासून. बटणं दुसरी. नातीला स्वयंपाकघरात पिटाळलं. चष्मेवाली म्हणाली, "तू नात आहेस, तू लांब." नात मुकाट्याने गेली! मलाही दम भरला, "आजी, आज आमच्यावर प्रेम करायचं नाही." बघा पोरीचा तोरा!

तीन तीन वेळा केलं. उघड्या डोळ्यांनी नऊ, आठ, नऊ. रुमाल बांधून दहा, दहा, दहा!

तिघींनी नुसता गिल्ला केला. तो ओसरल्यावर चष्मेवालीचा आवाज आला, "आजी, मग तुम्ही काम का सोडलंत?"

"सोडलं कुठे, सोडवलं. मोतीबिंदू झाला होता ना, ऑपरेशन मागाहून झालं. कंपनीच्या डॉक्टरने भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. खालच्या तीन ओळी नाही आल्या. फुलं दिली, फोटो काढला, घरी बसवलं."

"आणि बटणं?"

"बटणं कसली?"

"बटणं निवडायला नाही दिली? तपासायला?"

नाही दिली. अक्षरं दिली. आणि बटणं द्या असं म्हणायचं मलाही सुचलं नाही. बारा वर्षं मी सगळ्यांना सांगतेय, डोळे गेले म्हणून काम गेलं. सतरा वर्षांच्या पोरीने एका वाक्यात विचारलं.

रुमाल जरा वेळ मी सोडलाच नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

कागद दिले. पहिली फसलेली चाचणीही लिहिलीय आत, माझ्या लबाडीसकट! बाईंनी दोनदा वाचलं म्हणे. मग विचारलं, एका आजीवरून सगळ्यांचं कसं ठरवणार? उंचाडी धावत माझ्याकडे, "आजी, डोळ्यांमुळे अजून कोणाला घरी बसवलं होतं?" चौघींना. त्यातल्या दोघी आहेत अजून. तिघी पोरी येत्या रविवारी चारला परत येणार आहेत, म्हणून मी दोघींनाही बोलावलं. एक फोनवर म्हणते, "अगं, मला आता काहीच दिसत नाही."

म्हटलं, दिसायचं राहू दे. हात घेऊन ये.