तुमची गल्ली पाहून आलो

प्रिय ढब्बूच्या आई,

अक्षरावरून पत्र माझं आहे हे ओळखशीलच, म्हणून आधीच सांगतो, फाडू नकोस आणि तुझ्या वकीलबाईंना दाखवायलाही धावू नकोस. यात भांडण नाही. मायना काय लिहावा यातच माझा अर्धा रविवार गेला. तुला पूर्वी ज्या नावानं हाक मारायचो ते आता माझ्या तोंडी शोभत नाही, आणि कोर्टात तुझं जे लांबलचक नाव पुकारतात त्या बाईशी माझी ओळख नाही. शेवटी हे सापडलं. फोन केला असता, पण आपला फोन दुसऱ्या वाक्याला पेट घेतो हे तुलाही माहीत आहे.

मी तुमची नवी गल्ली पाहून आलो. हो, तीच, त्या दुसऱ्या शहरातली, जिथं तुझ्या या नव्या लग्नानंतर तुम्ही मायलेकी राहायला जाणार आहात, आणि जिथल्या शाळेत ढब्बूला घालायला माझी संमती हवी म्हणून तू वर्षभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवते आहेस. कामावर मावशी आजारी असल्याचं सांगितलं. मावशी ठणठणीत आहे, पण तिच्या आजारपणावर मी आजवर इतक्या रजा काढल्यात की ती खरंच आजारी पडली तर कुणी विश्वास ठेवणार नाही. टायरच्या दुकानावर एक लॉज आहे, तिथं खोली घेतली. गादीपासून टॉवेलपर्यंत सगळ्याला रबराचा वास. तू असतीस तर नाकाला पदर लावून पहिल्याच दिवशी परत फिरली असतीस.

आधी मला वाटलं, आपण नुसतं बघायला आलोय. लेक जिथं राहणार ती जागा बापानं बघू नये का? पण खोटं कशाला बोलू. माझ्या वकिलांनी सांगितलं होतं, "नुसतं नको नको म्हणून न्यायाधीश ऐकत नाहीत. तिथं मुलीला धोका आहे असं काहीतरी दाखवा." मी ते काहीतरी शोधायला गेलो होतो. लग्नाला मुलगी बघायला जाणारे कसे आधीच नाक मुरडून बसलेले असतात, तसा मी त्या गल्लीत शिरलो.

आणि मिळालं की! तुमच्या इमारतीपासून शाळेकडे जाताना जो मोठा रस्ता ओलांडावा लागतो तिथं मालाचे ट्रक असे वळतात की फुटपाथवरच्या माणसानं पोट आत घ्यावं. त्याचा फोटो काढला. भंगारवाल्याच्या मागचा नाला उघडा आहे, कठडा अर्धा पडलाय. फोटो. कोपऱ्यावरच्या कॅरमच्या अड्ड्याबाहेर रिकामटेकडे बसलेले असतात. फोटो. इमारतीचं फाटक, शाळेचं फाटक, मधली बोळ, सगळं टिपून घेतलं. आपली ढब्बू रस्त्यानं चालताना कुठं बघते ते आठवत चाललो होतो. ती कुठंच बघत नाही. ती तोंडानं गोष्ट सांगत चालते आणि गाडीनंच तिला चुकवून जावं अशी तिची अपेक्षा असते.

मग इमारतीत शिरलो. रखवालदार दारातच बसला होता, उंचापुरा, मिशा पिळलेल्या. त्याला म्हटलं, लिफ्ट बघायला आलोय. लिफ्टदुरुस्तीच्या धंद्यात आयुष्यभर हे वाक्य म्हणून लोकांच्या इमारतींत शिरलोय, त्यामुळे ते खरं वाटतं. त्यानं सोडलं. लिफ्ट जुनी आहे, बाहेरचं दार हातानं ओढायचं, आतली जाळी वेगळी. मी जिन्यानं वर गेलो आणि एकेका मजल्यावर दार ओढून पाहू लागलो. लिफ्ट त्या मजल्यावर नसेल तर बाहेरचं दार उघडता कामा नये, आत कुलूप असतं त्यासाठीच. चौथ्या मजल्यावर, म्हणजे तुमच्याच मजल्यावर, दार ओढलं आणि ते उघडलं. लोण्यात सुरी जावी इतकं अलगद. समोर लिफ्ट नव्हती. लोंबणाऱ्या दोऱ्या होत्या आणि खाली काळोख.

आता जे लिहितो ते आजवर कुणाला बोललो नाही. तो काळोख बघून मला आधी आनंद झाला. सापडलं, असं वाटलं. आता कुठला न्यायाधीश मुलीला इथं पाठवतो बघू. मोबाइल काढून फोटोही घेतला. मग दार लावता लावता मला ढब्बू दिसली. लिफ्टवाल्याची पोर ना ती, दार तिनंच ओढायचं, दुसऱ्या कुणी हात लावला तर भोकाड. आधी दार ओढणार, आत पाय टाकणार, आणि मग बघणार. मी तिथंच जिन्यावर बसलो. सतरा ठिकाणी लोंबकळून काम केलेला माणूस मी, पण उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

पिशवीत तार असतेच. दार तारेनं आवळून बांधलं, खाली येऊन मेन स्विच पाडला आणि रखवालदाराला बजावलं की दुरुस्ती होईपर्यंत कुणालाही लिफ्टमध्ये पाय ठेवू देऊ नका. त्यानं विचारलं, साहेब, तुम्हाला बोलावलं कुणी? मी काहीतरी पुटपुटून सटकलो. पण त्यानं ते मनात ठेवलं. त्यानं सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलं, आणि ते म्हणाले आपण कुणालाच बोलावलं नव्हतं. हे मला नंतर कळलं, आणि फार वाईट वेळी कळलं.

शाळा सुटताना मी फाटकासमोर जाऊन उभा राहायचो. तिथं फोटो काढण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी पाय तिकडेच वळायचे. एवढ्याएवढ्या पोरी पाठीवर दप्तरं आपटत बाहेर येतात, कुणी हरवलेला डबा शोधते, कुणी आजोबांच्या अंगावर सगळं ओझं टाकून पळते. या घोळक्यात आपली कशी दिसेल, तिला घ्यायला कोण येईल, हे बघत उभा असायचो. समोर एक बेकरी आहे. बेकरीवाली बाई गल्ल्यावर बसून पाव विकते आणि गल्लीवर पहारा देते. एक दिवस ती पिठाचे हात पुसत सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "कुणाला न्यायला आलात?" मी म्हटलं, "मुलीला." "कितवीत आहे?" "तिसरीत." "नाव?" मी ढब्बूचं शाळेतलं नाव सांगितलं. का सांगितलं, माहीत नाही. आई शप्पथ सांगतो, तेवढा एक क्षण मला वाटलं होतं की ती खरंच आतून धावत येईल.

बेकरीवालीनं फाटकावरच्या बाईंना हाक मारली. बाई म्हणाल्या, या नावाची मुलगी तिसरीत नाही. शाळेतच नाही. झालं! बेकरीवालीचं 'अहो' क्षणात 'अरे' झालं. "अरे, मग तू रोज कुणासाठी उभा असतोस इथं?" आईबाप जवळ सरकले, आजोबांनी नातींना मागं ओढलं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी रखवालदार दिसला, तो पळतच आला. "हाच तो! लिफ्टवाला म्हणून घुसला होता बिल्डिंगमध्ये!" कुणीतरी माझी कॉलर धरली, कुणीतरी खिशातून मोबाइल काढून घेतला. आणि मोबाइलमध्ये काय होतं? इमारतीचं फाटक. शाळेचं फाटक. मधली बोळ. त्या फोटोंकडे मी त्यांच्या डोळ्यांनी पाहिलं आणि माझी मलाच भीती वाटली. "पोलिसांना बोलवा" असं कुणी म्हणालं, "आधी चार ठेवून द्या" असं दुसरं कुणी. कॅरमवाली रिकामटेकडी मंडळी, ज्यांचा मी फोटो काढला होता, ती सगळ्यात पुढं होती.

बेकरीवाली म्हणाली, "थांबा रे. इथं तुला ओळखणारं कुणी आहे का?" आणि त्या अख्ख्या शहरात मला ओळखणारा एकच माणूस होता, तुझा होणारा नवरा. त्याचं नाव मी गेल्या दोन वर्षांत तोंडातून काढलेलं नाही, तुझ्याशी भांडतानासुद्धा 'तो' म्हणूनच निभावलं. म्हटलं, "चष्म्याच्या दुकानवाल्यांना बोलवा."

तो आला. कोर्टाबाहेर लांबून पाहिला होता त्याहून बुटका वाटला. चष्मेवाल्याच्याच चष्म्याची काडी वाकडी. त्यानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या कॉलरवरच्या हाताकडे पाहिलं, आणि कुणीतरी पुढं केलेल्या मोबाइलवरचे फोटो पाहिले. ते कशासाठी आहेत हे त्याला तिथंच कळलं, त्याच्या चेहऱ्यावर दिसलं मला. अगं, त्याला काहीही करायची गरज नव्हती. 'मी ओळखत नाही' एवढं म्हणाला असता तरी माझा निकाल लागला होता. शाळेबाहेर घुटमळताना पकडलेल्या बापाला कुठलं कोर्ट विचारतं? मी त्याच्या जागी असतो तर काय केलं असतं, हा विचार मी तेव्हापासून करतोय आणि उत्तर चांगलं येत नाही.

तो म्हणाला, "सोडा त्यांना. आमच्याकडे जी मुलगी राहायला येणार आहे ना, तिचे वडील आहेत हे." बेकरीवालीनं कपाळाला आठ्या घातल्या. "वडील? मग तुम्ही कोण तिचे?" तो म्हणाला, "ते अजून तिनं ठरवायचंय."

कॉलर सुटली. त्यानं मला दुकानात नेलं, पाण्याचा ग्लास पुढं केला. मग त्यानं विचारलं, फोटो कोर्टासाठी काढलेत ना. मी हो म्हटलं. मला वाटलं आता चिडेल. तो म्हणाला, ट्रकांचा रस्ता त्यालाही पसंत नाही, म्हणून मागच्या बाजूनं, दवाखान्यावरून जाणारी वाट त्यानं पाहून ठेवली आहे, लांब पडते पण गाड्या नाहीत. आणि मग एकदम म्हणाला, "चौथ्या मजल्यावर तार तुम्ही बांधलीत?" मी त्याला दार कसं उघडलं ते सांगितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो रोज तिथून जा-ये करतो, त्याच्या हे ध्यानीमनीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी बाजारात फिरून जुन्या पद्धतीचं कुलूप मिळवलं आणि दार दुरुस्त केलं. एकच नाही, सगळ्या मजल्यांची दारं उघडून, घासून, तपासून घेतली. ज्या रखवालदारानं मला चोर म्हणून ओळखलं होतं तोच बॅटरी धरून उभा होता आणि मला त्याच्या गुडघेदुखीची कहाणी ऐकवत होता. चष्मेवाले दुकान बंद ठेवून जिन्यात बसून होते, मदत शून्य, पण हटले नाहीत. काम संपल्यावर मी त्यांना चौथ्या मजल्यावरचं दार ओढायला सांगितलं. त्यांनी एका हातानं ओढलं, मग दोन्ही हातांनी, मग भिंतीला पाय लावून. उघडलं नाही. खाली आलो तर बेकरीवाली चहा घेऊन उभी. म्हणाली, "माफीबिफी मागणार नाही हं मी. उद्या कुणी परत असा उभा राहिला तर परत धरीन." मी म्हटलं, "धराच."

परतीच्या गाडीत बसलो आणि रडू आलं. शेजारच्या माणसानं खिडकी बंद करू का म्हणून विचारलं, त्याला वाटलं डोळ्यांत धूळ गेली. मी आजवर कितीतरी इमारतींत शिरलोय, कुणी मला हटकलं नाही. आपण तिघं राहायचो त्या इमारतीत तर मी मेलो असतो तरी वासावरून कळलं असतं. इथं माझ्या लेकीचं पाऊल पडायच्या आधीच तिच्यासाठी माझी कॉलर धरणारी माणसं आहेत. शोधायला गेलो एक आणि हाती आलं हे.

सोमवारी सकाळी मी माझ्या वकिलांकडे जातोय. संमती देतो म्हणून सांगणार आहे, अट एकही नाही. ते फोटो पुसून टाकलेत. तुला हे कोर्टातून कळलंच असतं, पण पत्र लिहिलं ते एक मागणं मागायला. अट नाही, मागणं. नको म्हणालीस तरी सही होईलच. सामान तुम्ही दोघं पुढं न्या, घर लावा. ढब्बूला मात्र मी घेऊन येतो. तिला कुणी असं सांगायला नको की बाबा हरला म्हणून तुला जावं लागतंय, किंवा बाबानं तुला देऊन टाकलं. तिचा हात धरून मला तिला दवाखान्यावरची वाट दाखवायची आहे, बेकरीवालीसमोर नेऊन उभी करायची आहे आणि सांगायचं आहे, बघा, हीच ती. मग तुमच्या दारापर्यंत सोडीन आणि जिन्यानं उतरून जाईन. तेवढं करू दे.

ढब्बूचाच,
बाबा